फाटकाशी लावलेलं करवंद

करवंद कुणी घरी लावतं का, असं लोक मला अजून विचारतात. कामथडीला आम्ही घर बांधलं तेव्हा गवंडी म्हणाला होता, बाई, डोंगरावर फुकट मिळतंय ते दारात कशाला आणताय, पोरांचे कपडे फाटतील काट्यानं. मी नुसती हसले आणि कुंपणाच्या कडेनं दोन-दोन हातांवर खड्डे घ्यायला सांगितले. आता त्या जाळ्या माझ्या खांद्याला लागतात. बारा महिने हिरव्या असतात. उन्हाळ्यात सगळं शिवार करपून पिवळं पडतं तेव्हाही त्यांची पानं तेल लावल्यासारखी चकाकतात. थंडी सरताना त्यांना बारीक पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी असा काही वास सुटतो, की हायवेवरच्या गाड्यांचा आवाजही जरा लांब गेल्यासारखा वाटतो. मी खुर्ची बाहेर काढून बसते. गुडघे आता फार चालू देत नाहीत, पण बसल्या बसल्या कुठंही जाता येतं. बहुतेक वेळा मी भोरला जाते, सरकारी कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत, आणि तिथं मी नऊ वर्षांची असते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कचेरीत कारकून होते. त्याआधी आम्ही सारोळ्याला एका भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि तिथं चूल, अंथरूण, अण्णांची सायकल, माझं दप्तर सगळं एकाच ठिकाणी असायचं. भोरला क्वार्टर मिळालं त्या दिवशी आई रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत कितीतरी वेळा जाऊन आली. पुढं चार पावलांचं अंगण होतं आणि अंगणाला हिरव्या रंगाचं लोखंडी फाटक. ते उघडताना एक लांबट कुरकुर व्हायची. त्या घरातले आवाज मला आजही ओळीनं आठवतात. पहाटे स्टोला पंप मारल्याचा आवाज, मग त्याची एकसुरी घरघर, भाकरी थापताना आईच्या बांगड्यांची लय, समोरच्या घरातला रेडिओ, आणि संध्याकाळी दिवा लावून आम्ही तिघं म्हणायचो ती बुद्धवंदना. नदीकडून वारा आला की ज्योत आडवी व्हायची आणि आई वंदना न थांबवता तिच्याभोवती हाताची ओंजळ धरायची.

आई त्या घरात बदलली. लुगडं सोडून ती पाचवारी नेसू लागली. जपून बोलूही लागली. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'हितं'चं 'इथं' झालं, आणि चुकून जुना शब्द तोंडातून गेला की ती क्षणभर थांबून पुढच्याची नजर बघायची. दुपारी कॉलनीतल्या बायका आमच्या फाटकाशी गुलमोहराच्या सावलीत गहू निवडत बसत. समोरच्या मोठ्या घरात राहणाऱ्या निगडे काकू त्यांच्यात वडीलधाऱ्या. त्यांचे यजमान अण्णांच्या वरचे साहेब. एकदा माहेरांचा विषय निघाला. कुणाच्या माहेरी आमराई होती, कुणाचे वडील मामलेदार होते. काकूंनी आईला विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो, शांताबाई?"

"वेल्ह्याकडचं," आई म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "आमचा करवंदाचा मोठा मळा आहे तिकडं."

मी आईकडं बघितलं. मळा वगैरे काही नव्हतं. विंझरच्या पुढं एसटीतून उतरून ओढा ओलांडला की डोंगराच्या पायथ्याला पाच-सात घरं होती, आणि त्यातल्या शेवटच्या घरात माझी हौसामावशी एकटी राहायची. आई-मावशींचे आईवडील लवकर गेले. तेव्हा मावशी पंधरा-सोळा वर्षांची आणि आई पाच. मावशीनं लोकांच्या भातखाचरांत मजुरी केली, उन्हाळ्यात करवंदं तोडून पाटीत घातली, रस्त्यावर उभं राहून विकली आणि आईला शाळेत घातलं. मावशीचं लग्न झालं, नवराही लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. पण आईची शाळा तिनं सुटू दिली नाही. सातवी झालेली मुलगी म्हणून तर अण्णांच्या घरून मागणी आली होती. तिकडं सगळा डोंगरच करवंदाचा होता, एवढं मात्र खरं. आईनं त्याला मळा म्हटलं, इतकंच.

त्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी कॉलनीच्या तोंडाकडून हाक ऐकू आली, "करवंदं घ्या, काळी मैना." आई भांडी घासत होती, ती हात तसाच ठेवून थांबली. मीही थांबले, कारण तो आवाज आम्हा दोघींच्या ओळखीचा होता. मावशी कधी भोरला विकायला येत नसे. आम्ही नव्या घरात आलो हे तिला कळलं होतं, पण कुठलं दार ते माहीत नव्हतं. म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन गल्लीगल्लीनं हाक देत येत होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं. मी बाहेर पळाले. मावशी आमच्याच फाटकासमोर पाटी उतरवत होती आणि निगडे काकू, आणखी दोघी बायका भोवती उभ्या होत्या. पळसाच्या पानांनी झाकलेली पाटी, लुगड्याचा कासोटा, पायांवर धूळ, हातांवर चिकाचे काळे डाग. आई दाराशी आली. मावशीनं तिला बघितलं आणि तिचं तोंड हसायला उघडलं.

"कशी दिली?" आईनं विचारलं.

अगदी सरळ आवाजात विचारलं, जसं कुठल्याही विकणाऱ्या बाईला विचारतात तसं. मावशीचं हसू तिथंच राहिलं, ना मागं गेलं ना पुढं आलं. मग तिनं खाली बघून पानं बाजूला केली आणि म्हणाली, "घ्या की बाई. आधी चाखून बघा."

मी 'मावशी' म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघून हळूच पापण्या मिटल्या आणि उघडल्या. गप्प राहा, असं तिनं सांगितलं, आणि मी गप्प राहिले. पुढं आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी बोलायला हवं होतं तिथं गप्प राहिले आहे, पण त्या गप्प राहण्याइतकं दुसरं कुठलंही मला टोचत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं लोक म्हणतील. मला सगळं कळलं होतं.

मावशीनं काकूंना एक मापटं दिलं, दुसरीला एक दिलं, आणि आईच्या भांड्यात ओंजळीनं ओततच राहिली. काकू म्हणाल्या, "त्यांना बरं भरून देतेस गं."

"त्यांच्या घरात ल्हान पोर हाय," मावशी म्हणाली. मग तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली आणि निघाली. जाताना तिनं एकदा फाटकातून आत, उघड्या दारातून दिसेल तेवढं घर बघून घेतलं.

आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, काकूंशी दोन शब्द बोललीही. करवंदांचं भांडं तिनं ताट झाकून कोपऱ्यात ठेवलं. अण्णा कचेरीतून आले, चहा घेतला, आणि भांडं दिसलं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "करवंदं कुठली?" आई त्यांच्यासमोर खाली बसली आणि काय झालं ते तिनं एकेक करून सांगितलं, काही न लपवता. मळ्याचंही सांगितलं. अण्णा फार बोलणारे नव्हते. त्यांनी कपबशी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सकाळची पहिली गाडी साडेसहाला आहे. कुंदाला घेऊन जा."

नसरापूरला गाडी बदलावी लागायची. आई सगळ्या वाटेत खिडकीशी बसून होती. मावशीच्या घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, ती डोंगराला गेलीय. आम्ही चढू लागलो. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं आणि दऱ्यांमधून धुक्यासारखा एक निळसर पडदा वर येत होता. डोंगराच्या अंगावर जागोजाग करवंदाच्या जाळ्या, गुरांचे कळप बसावेत तशा, हिरव्यागार आणि गोलसर. त्यांच्यात मधमाश्यांची गुणगुण, कुठंतरी पावशाची हाक, तापू लागलेल्या मातीचा आणि फुटलेल्या फळांचा आंबूस-गोड वास. मी चालता चालता तोडून तोंडात टाकत होते आणि ओठ चिकानं एकमेकांना चिकटत होते. आजही त्या सकाळचा विचार केला की आम्ही चढतच आहोत असं वाटतं, आणि वर पोचण्याची काही घाई नाही.

मावशी एका मोठ्या जाळीत कमरेपर्यंत शिरली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि हात थांबवला नाही. आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही तोडू लागली. तिचे हात विसरले होते. दोन मिनिटांत मनगटावर ओरखडे उठले.

"पदर खोच आधी," मावशी म्हणाली. "आन् वरून हात घालू नको. खालनं घाल."

आईनं पदर खोचला. दोघी तोडत राहिल्या. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "आक्का, काल म्या..."

"काल काय? काल माल समदा खपला."

"आक्का, ऐक की."

"ऐकतीया. तुजा हात चालू दे."

आईचा हात चालूच होता, पण फळं पाटीत न पडता खाली पडत होती. मावशीनं ती वाकून वेचली, फुंकर घातली आणि पाटीत टाकली. मग आईकडं न बघता ती म्हणाली, "म्या घर बघाया आल्ते, शांते. लई दिस मनात व्हतं, तुजं घर कसलं हाय ते बघावं. दारातनंच बघितलं. आत किती खोल्या हायत?"

"दोन."

"आन् फरशी हाय का मातीच?"

"फरशी हाय. शहाबादी."

"मोरी आत हाय?"

"आत हाय."

"बरं हाय," मावशी म्हणाली. आई तिथंच जाळीच्या सावलीत खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मावशी उभी राहून थोडा वेळ बघत राहिली, मग तिच्या शेजारी बसली आणि आईच्या केसांत अडकलेली काटकी काढली. दुसरं काही केलं नाही. मी लांब एका दगडावर बसून दोघींकडं बघत होते, आणि त्या दोन बायकांऐवजी मला एकदम दोन मुली दिसल्या, एक सोळा वर्षांची आणि एक पाच.

दुपारी मावशीच्या घरी भाकरी आणि हिरव्या करवंदांचा ठेचा खाल्ला. आई म्हणाली, "आक्का, मला एक झाड दे. दारात लावते." मावशी आधी हसली. मग तिला दिसलं की आई खरंच म्हणते आहे.

"उपटून न्हेलंस तर जगायचं न्हाई," ती म्हणाली. "ह्याचं मूळ लई खोल जातं. बी लाव. पिकल्या फळाचं काढायचं, राखंत चोळायचं, धुवायचं आन् लगीच लावायचं. वाळू द्यायचं न्हाई. पानी बेतानं. लाड केलंस तर मरंल ते."

"मग तू कधी येशील?" आईनं विचारलं. "घर बघायला?"

मावशी भाकरी मोडत होती. "फळ धरलं की बोलव," ती म्हणाली.

राग तिच्या आवाजात नव्हता. पण चार वर्षं लागतात फळ धरायला, हे तिलाही माहीत होतं आणि आईलाही.

घरी आल्यावर आईनं त्याच दिवशी बिया काढल्या. चपट्या, तपकिरी, एका फळात तीन-चार. राखेत चोळून त्यांचा चीक घालवला आणि डालड्याच्या सात डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून, माती आणि मुरूम निम्मा-निम्मा घालून त्यात लावल्या. तीन आठवडे काही झालं नाही. पाऊस लागून डबे भिजले, तेव्हा एका सकाळी पाच डब्यांत वाकलेल्या मानेचे कोंब दिसले. मी आनंदानं त्यांना रोज तांब्या-तांब्यानं पाणी घातलं आणि त्यातले दोन कुजवले. आई रागावली नाही, उरलेले तीन डबे मात्र तिनं माझ्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवले. वर्षभरात ती रोपं जेमतेम वीतभर झाली. दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिनं फाटकाशी हातभर खोल खड्डे घेतले, तळाशी दगडगोटे घातले, म्हणजे पाणी साचून राहायचं नाही, आणि तिन्ही रोपं लावली.

ती लावत असताना निगडे काकू त्यांच्या फाटकातून आल्या. "अहो शांताबाई, दारात काटेरी काय लावता? माझ्याकडून गुलाबाच्या फांद्या न्या की."

आई गुडघ्यांवर बसलेली होती, हात मातीनं भरलेले. ती तशीच म्हणाली, "काकू, मागच्या उन्हाळ्यात करवंदं घेऊन बाई आली होती ना, ती माझी सख्खी थोरली बहीण. तिनं मला वाढवलं. मी तिला ओळख दिली नाही. आणि मळा वगैरे आमचा नाही."

काकू पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्या दिवशीच वाटलं होतं. दोघींचं कपाळ एकसारखं आहे." आणि जरा वेळानं, "मीही बोलले नाही काही. मला बोलता आलं असतं." एवढं बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी कुंपणाला बांबूच्या चार कामट्या देऊन गेला, रोपांना गुरांनी तोंड लावू नये म्हणून.

त्यानंतरची वर्षं मला एका लांब दुपारसारखी आठवतात. मी शाळेतून यायचे आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी रोपं बघायचे. आधी ती जमिनीलगत पसरली, मग एकदम उंच झाली. काटे जोडीनं यायचे, कोवळे असताना गुलाबी आणि मऊ, मग हळूहळू सुईसारखे. आई दर उन्हाळ्यात मावशीला निरोप धाडायची, दर उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडं जाऊन यायचो, पण ती मात्र यायची नाही. "धरलं का फळ?" एवढंच विचारायची. आई सांगायची, कमरेला लागतंय, छातीला लागतंय, फांद्या छाटाव्या लागतात आता. मावशी मान हलवायची. चौथ्या वर्षी थंडी सरताना एका संध्याकाळी वंदना चालू असताना उघड्या दारातून वास आला. आई मध्येच थांबली. तिला वंदनेत थांबलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही तिघंही उठून बाहेर गेलो. पानांत ठिपक्यासारखी पांढरी फुलं होती.

त्याच महिन्यात अण्णांच्या बदलीची बातमी आली. जूनमध्ये इंदापूरला हजर व्हायचं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मे महिना इथंच ना?" फुलं गळाली, हिरवे मणी धरले, ते फुगले, एका बाजूनं लालसर झाले. वैशाखात ती करवंदं काळी झाली तेव्हा अण्णा स्वतः रजा काढून विंझरला गेले आणि मावशीला घेऊन आले. ती आली ती नव्या लुगड्यात, हात रिकामे, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. काकू फाटकाशीच थांबल्या होत्या. आईनं मावशीचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, ही माझी आक्का." काकूंनी नमस्कार केला. मावशीनं घाईघाईनं पदर सावरला आणि उलट नमस्कार केला.

जाळीतली करवंदं तिनं उभ्या उभ्या चार खाल्ली. "डोंगराच्यापेक्षा गोड कमी हायत," ती म्हणाली. "पानी जास्त झालं." मग घर बघितलं. शहाबादी फरशीवर तिनं अनवाणी पाय ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मोरीचा नळ उघडून बंद केला. खिडकीचं दार उघडलं, लावलं. आईनं वरण-भात, मेथीची भाजी आणि शेवयांची खीर केली होती. मावशी पाटावर बसून जेवली, आणि आई तिच्यासमोर बसून वाढत राहिली. जेवण झाल्यावर मावशी म्हणाली, "चारची गाडी हाय ना? जरा पाठ टेकते."

आईनं आपल्या अंथरुणावर धुतलेली चादर घातली. मावशी दिवसा कधी झोपलेली आईनं जन्मात पाहिली नव्हती. भिंतीकडं तोंड करून ती पडली आणि दोन श्वासांत झोपली, एखादं मूल झोपावं तशी, तोंड अर्धवट उघडं टाकून. तिच्या तळव्यांना भेगा होत्या. आई उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. साडेतीनला अण्णा दाराशी आले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. आईनं मानेनंच नाही म्हटलं. बाहेर कॉलनीतली पोरं करवंदं तोडत होती, त्यांना मी जाऊन हळू बोलायला सांगितलं. चार वाजले. स्टँडवरून गाडी सुटल्याचा हॉर्न आला. आईचा हात एका लयीत हलत होता. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून मावशीच्या पायांवर चढलं, आणि आईनं उठून पडदा ओढला.

सहाच्या सुमारास मावशीनं डोळे उघडले. ती छताकडं बघत राहिली, कुठं आहोत ते तिला लागलीच उमजलं नाही. मग तिला आई दिसली.

"गाडी गेली व्हय?"

"गेली," आई म्हणाली.

मावशीनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि कूस बदलली. "बरं झालं," ती म्हणाली.